एकाच्या आतलं गणित

खिशातला मोबाइल बाहेर काढू नका. इथे त्याला रेंज नाही, आणि कोणी पाहिलाच तर समजावून सांगता सांगता संध्याकाळ होईल. साल 1953, महिना ऑक्टोबर, गाव केंब्रिज. अंगावरचा काळा गाऊन तुमचाच आहे. अंधार पडल्यावर तो नसताना रस्त्यात सापडलात तर विद्यापीठाचे प्रॉक्टर अडवतील. साखरेवरचं रेशनिंग गेल्याच महिन्यात उठलं, मांसावरचं अजून आहे. तुमच्या खोलीतली गॅसची शेगडी मीटरमध्ये नाणं टाकल्याशिवाय पेटत नाही, आणि घरमालकीणबाई रात्री दहाला दाराला कडी लावतात. या शेवटच्या गोष्टीवरून पुढे तुमचे खटके उडणार आहेत.

तिकडे, तुमच्या काळात, तुम्ही गणित आणि संगणकशास्त्र अशी जोडपदवी शिकता. सकाळी एका इमारतीत एप्सिलॉन-डेल्टा, दुपारी दुसऱ्या इमारतीत पायथन. दोन विभाग, दोन वेळापत्रकं, आणि दोन्हीकडचे प्राध्यापक तुम्हाला अर्धवट परके समजतात. ‘हे दोन विषय एकत्र का?’ असं पाहुण्यांनी विचारलं की तुम्ही ‘स्कोप चांगला आहे’ म्हणून सुटका करून घेता. ती सुटका इथे मिळणार नाही. विद्यापीठात या महिन्यापासून एक वर्षाचा नवा डिप्लोमा सुरू होतो आहे, ‘न्यूमरिकल ॲनालिसिस अँड ऑटोमॅटिक कम्प्यूटिंग’ या विषयाचा. वर्गात बसवून संगणन शिकवणारा विद्यापीठाचा हा जगातला पहिला अभ्यासक्रम मानतात, आणि तुमचं नाव त्यात घातलेलं आहे.

चला. सेनेट हाउसवरून जाऊ, वाट फार वाकडी होत नाही. मराठी माणसाने इथे क्षणभर थांबायला हरकत नाही: दापोलीजवळच्या मुरडीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली इथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, झाले. आपल्याकडे ती पदवी नावाच्याच पुढे चिकटली, रँग्लर परांजपे. चार वर्षांनी, 1957 मध्ये, कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर याच गावात गणित शिकायला येतील. पण ते ट्रायपॉसचं गणित कागदावरचं. तुमची इमारत मागच्या गल्लीत आहे.

कॉर्न एक्स्चेंज स्ट्रीट. जुनी, रया गेलेली वास्तू. एके काळी इथे शरीरशास्त्राचं विद्यालय होतं आणि प्रेतं फाडली जात. आता दारावर ‘मॅथेमॅटिकल लॅबोरेटरी’. पलीकडच्या फ्री स्कूल लेनमधल्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत याच वर्षीच्या वसंतात वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली, पण तिकडे वळू नका. जिना चढा.

आवाज आधी येतो. टेलिप्रिंटरची खडखड, पंख्यांची घरघर, आणि लाउडस्पीकरमधून एक चिरकी, तुटक गुणगुण. हे यंत्र म्हणजे एडसॅक. 6 मे 1949 रोजी त्याने पहिला प्रोग्रॅम चालवला आणि 0 ते 99 या आकड्यांच्या वर्गांचं कोष्टक छापलं. मॉरिस विल्क्स यांच्या हाताखालच्या लहानशा गटाने ते बांधलं. सुमारे 3000 व्हॉल्व्ह उघड्या रॅकवर लावलेले; हात लांब केला तर चटका बसेल. स्मरणशक्ती पाऱ्यात आहे. म्हणजे अक्षरशः पाऱ्यात: पाच फूट लांबीच्या पोलादी नळ्यांत पारा भरलेला, एका टोकाला ध्वनीचे ठोके सोडायचे, ते सुमारे एका मिलिसेकंदाने दुसऱ्या टोकाला पोचले की पकडून, नीट करून पुन्हा पहिल्या टोकाला. आकडे सतत पळत असतात म्हणून टिकतात. अशी 1024 शब्दांची जागा, प्रत्येक शब्द 17 बिट्सचा. सगळी मिळून जेमतेम दोन किलोबाइट. वेग सेकंदाला साडेसहाशे आज्ञांच्या आसपास. हसू आलं असेल तर गालातच ठेवा. शेजारच्या प्रयोगशाळेतले जॉन केंड्र्यू मायोग्लोबिनच्या रेणूची आकडेमोड याच पाऱ्यावर करून घेत आहेत.

पहिले काही आठवडे तुम्हाला यंत्राला हात लावायला मिळत नाही. ब्रुन्सविगाचं हातमशीन समोर येतं: दांडा फिरवला की बेरीज, उलटा फिरवला की वजाबाकी. डग्लस हार्ट्री संख्यात्मक पद्धती शिकवतात. त्यांचं ‘न्यूमरिकल ॲनालिसिस’ हे पुस्तक गेल्या साली आलं आहे, आणि 1934 मध्ये मँचेस्टरला त्यांनी मेकॅनो या खेळण्याच्या भागांतून डिफरन्शियल समीकरणं सोडवणारं यंत्र जोडलं होतं, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला एक कोष्टक मिळतं, त्यात कुठेतरी एक आकडा चुकवलेला. शोधा. शेजारच्या आकड्यांची वजाबाकी करा, त्या वजाबाक्यांची वजाबाकी, असं चौथ्या पायरीपर्यंत. बाकीचे आकडे हळूहळू गुळगुळीत होत शून्याकडे जातात, आणि त्या एका चुकीभोवती मात्र 1, −4, 6, −4, 1 अशी लाट उठते. पास्कलचा त्रिकोण चुकीकडे बोट दाखवतो! द्विपदी सहगुणक तुम्ही नववी-दहावीपासून घोकलेत, पण त्यांनी तुमचं एखादं काम केल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. ही युक्ती नीट ध्यानात ठेवा.

मग प्रोग्रॅमिंग. पाठ्यपुस्तक एकच आहे, विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी लिहिलेलं, 1951 चं. प्रोग्रॅमिंगवरचं जगातलं पहिलं पुस्तक. प्रत्येक आज्ञेला एकेक अक्षर: ‘ए’ म्हणजे मिळव, ‘एस’ म्हणजे वजा कर, ‘टी’ म्हणजे साठव आणि पाटी कोरी कर, ‘व्ही’ म्हणजे गुणून मिळव, ‘एन’ म्हणजे गुणून वजा कर. भागाकाराला अक्षर नाही. विसरलं वगैरे नाही. या यंत्राला भागाकार येतच नाही. शिवाय प्रत्येक संख्या −1 पासून 1 च्या आतली हवी. −1 चालतो, 1 चालत नाही. तुमच्या तिकडच्या भाषांत दशांश चिन्ह आपोआप सरकतं, म्हणून तुम्ही कधी विचारलंच नाही की आकडा किती मोठा होईल. इथे ते विचारल्याशिवाय प्रोग्रॅमची कागदी टेप पंच करता येत नाही.

भागाकाराचं काय करायचं, हे फळ्यावर समजून घेण्यासारखं आहे. समजा भाजक 1 पासून c एवढा कमी आहे. तर 1 भागिले (1 − c) म्हणजे (1 + c)(1 + c²)(1 + c⁴)… असा गुणाकार. पाव भागिले अर्धा करून पाहा. c अर्धा. पावाला दीडने गुणा, 0.375. मग सव्वाने, 0.46875. मग 1.0625 ने, 0.498. चौथ्या गुणाकाराला 0.49999. प्रत्येक फेरीत अचूक अंकांची संख्या दुप्पट होते. शाळेत चार ओळींची लांब भागाकाराची शिडी उतरणारा माणूस हे बघून खजील होतो.

पण थांबा. दीड हा आकडा यंत्रात बसत नाही, एकाच्या बाहेरचा आहे. c काढायला 1 मधून भाजक वजा करायचा, तर तो 1 सुद्धा यंत्रात नाही! वाट आहे. −1 बसतो. भाजकात −1 मिळवा, उणे c मिळेल. मग a ला (1 + c) ने गुणण्याऐवजी a मधून ‘a गुणिले उणे c’ वजा करा. ते तर ‘एन’ आज्ञा एका फटक्यात करते. भाजक फार लहान असेल तर फेऱ्या वाढतात, म्हणून आधी त्याला दुपटी करत अर्धा ते एक यांच्या मध्ये आणायचा, आणि किती दुपटी केल्या ते लक्षात ठेवायचं. हे लिहून झाल्यावर वहीकडे बघा. यातलं गणित कुठे संपलं आणि प्रोग्रॅमिंग कुठे सुरू झालं, तिथे पेन्सिलने रेघ मारून दाखवा. माझी तर हिंमत नाही.

खरं तर भागाकार तुम्हाला लिहावाही लागत नाही. भिंतीशी एक पोलादी कपाट आहे, त्यात टेपच्या लहान लहान गुंडाळ्या: सबरूटीन. 1951 पर्यंतच 87 जमल्या होत्या, वर्गमूळ, साइन-कोसाइन, छपाई, डिफरन्शियल समीकरणं. लागेल ती काढायची, पंचिंगच्या यंत्रावर तिची नक्कल करून आपल्या टेपमध्ये घ्यायची आणि गुंडाळी जागच्या जागी परत ठेवायची. न ठेवणाऱ्याबद्दल इथे काय बोललं जातं ते छापण्याजोगं नाही. सबरूटीनमधून परत कुठे जायचं हे यंत्राला कळावं म्हणून व्हीलर यांनी काढलेली क्लृप्ती आहे: निघताना आपल्याच आज्ञेचा आकडा सोबत न्यायचा, आणि त्यावरून परतीची आज्ञा सबरूटीनने स्वतःच्या शेवटी लिहायची. आज्ञाही आकडाच, आकड्यात बेरीज करता येते, म्हणून प्रोग्रॅम चालता चालता स्वतःला बदलतो. यादीतल्या पन्नास संख्यांची बेरीज करायची तर ‘ए’ आज्ञेतला पत्ता दर फेरीला आपण वाढवायचा. तिकडे हे कोणी केलं तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची धिंड निघेल. इथे हा रोजचा मार्ग आहे.

तुम्हाला नेमून दिलेलं काम: y″ = xy हे समीकरण, x शून्यापासून −12 पर्यंत. दिसायला निरुपद्रवी. याचं उत्तर म्हणजे एअरीचं फलन. जॉर्ज एअरी 1823 चा सीनियर रँग्लर, पुढे इंग्लंडचा शाही खगोलशास्त्रज्ञ. इंद्रधनुष्याच्या आतल्या कडेला कधीकधी फिकट जादा कमानी दिसतात, त्यांचा हिशोब करताना त्याला 1838 मध्ये हे फलन सापडलं. इथल्या गणिताच्या ल्युकेशियन प्राध्यापकाच्या खुर्चीत तो होता, त्याच्यानंतर 1828 मध्ये तिथे चार्ल्स बॅबेज बसला. आणि 1842 साली सरकारने बॅबेजच्या गणनयंत्राबद्दल सल्ला विचारला तेव्हा ते कुचकामी आहे, असं सांगणारा हाच एअरी. आता त्याचंच समीकरण एका गणनयंत्रावर चढवायचं आहे. मला यात थोडा आसुरी आनंद होतो, कबूल.

तुम्ही कपाटातून गिल यांचं सबरूटीन काढता. रुंगे-कुट्टाची नेहमीची चौथ्या घातांकाची पद्धत तुम्ही तिकडे शिकलाच असाल. त्यात प्रत्येक चलासाठी चार जागा अडतात. पाऱ्यात जागा कमी, म्हणून गिल यांनी 1951 मध्ये सहगुणकच असे निवडले, त्यात अर्ध्याचं वर्गमूळ येतं, की तीन जागांत भागावं. शिवाय पूर्णांकनाच्या चुकांचा हिशोबही आत ठेवता यावा. तुमच्या पाठ्यपुस्तकात रुंगे-कुट्टा-गिल हे नाव तळटीपेत येतं आणि ते वर्गमूळ कुठून टपकलं हे कोणी सांगत नाही. ते या खोलीतून, या नळ्यांच्या लांबीतून आलं.

टेप पंच झाली. यंत्राजवळ एक दोरी ताणलेली आहे, तिला वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या चिमट्यांनी टेपा लटकवलेल्या, हीच रांग. दिवसा ऑपरेटर एकेक काढून यंत्राला लावते. तुमची पाळी येते. x ला 16 ने भागून ठेवलंय, समीकरणाची उजवी बाजू पायरीच्या लांबीने गुणूनच घेतलीय, कारण नाहीतर ती तीनच्या वर जाईल. y तर कधीच 0.54 च्या पुढे जात नाही, हे तुम्ही तपासलंय. पायरी एक-सोळांश, छपाई पाव-पाव अंतरावर, एकूण 49 ओळी. टेलिप्रिंटर आकडे ओकू लागतो. y वर जातो, खाली येतो, लाटा दाटत जातात. लाउडस्पीकरचा सूर एकसारखा. छान चाललंय.

मग −10 च्या पुढे सगळं बिघडतं. −10.25 ला y ऋण हवा तो धन. त्यापुढे आकडे वेडेवाकडे. गजर नाही, लाल दिवा नाही, यंत्र निर्विकारपणे उरलेल्या ओळी छापून थांबतं.

“पुढची टेप लावू?” ऑपरेटर विचारते.

“एक मिनिट. पोस्टमॉर्टेमची टेप आहे ना?”

आहे. मेलेल्या प्रोग्रॅमची स्मृती छापून देणारी टेप इथे तयारच असते. ती लावून घ्या, कागद उचला आणि जिन्यात जाऊन बसा. जागा प्रशस्त आहे: जून 1949 मध्ये टेप पंच करायची जागा आणि एडसॅक यांच्या मध्ये ये-जा करताना, याच जिन्यात विल्क्स यांना अचानक जाणवलं की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. तेव्हा ते याच एअरीच्या समीकरणावर काम करत होते. त्यांच्या 126 ओळींच्या प्रोग्रॅमच्या एका टेपमध्ये नंतर सुमारे 20 चुका मोजल्या गेल्या.

आधी हातानेच करा. छापलेल्या आकड्यांची वजाबाकी, पुन्हा वजाबाकी. −10 पर्यंत स्तंभ सुरळीत, एकही 1, −4, 6 ची लाट नाही. म्हणजे पंचिंगची चूक नाही, सूत्राचीही नाही. जे बिघडलं ते एका ठिकाणी आणि एकदम. तिथे काय मोठं झालं? y नाही. मग y′. तो तुम्ही छापलाच नव्हता, आणि त्याला मर्यादा घालायचंही सुचलं नव्हतं.

इथे पुस्तकं कामाला येतात. याच प्रयोगशाळेत असलेले जे. सी. पी. मिलर यांनी केलेली एअरी फलनाची कोष्टकं 1946 साली ब्रिटिश असोसिएशनने छापली आहेत. पण ती उघडण्याआधी स्टोक्स आठवा: 1841 चा सीनियर रँग्लर, आणि रँग्लर परांजपे इथे शिकत होते तेव्हाही ल्युकेशियन खुर्चीवर असलेला म्हातारा. x दूर ऋण दिशेला गेला की हे फलन कसं वागतं, हे त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच काढून ठेवलं. y ची लाट खुजी होत जाते, x च्या चौथ्या मुळाने. y′ ची मात्र त्याच चौथ्या मुळाने उंचावत जाते: तिची उंची |x| चं चौथं मूळ भागिले π चं वर्गमूळ. ही उंची 1 कधी होते? |x| बरोबर π² असताना. म्हणजे 9.87.

आता कोष्टक उघडा. −10.04 च्या जवळ फलन शून्य ओलांडतं, आणि तिथे y′ आहे 1.0044. एकाच्या जरासा बाहेर. यंत्राला 1.0044 लिहिता येत नाही. ते चक्र पूर्ण करून −0.9956 लिहितं. चढ होता तिथे उतार झाला. जे यंत्राने दहा पूर्णांकांपर्यंत इमानाने केलं ते चार सहस्रांशांनी बुडालं, आणि हे सगळं कागदावर आधीच सांगता आलं असतं. तुमच्या तिकडच्या पदवीत असिम्प्टोटिक विश्लेषण हा ऐच्छिक पेपर आहे, आणि संगणकवाले तो बहुधा घेत नाहीत.

y′ च्या ऐवजी त्याचा अर्धा साठवा, दोन ठिकाणी गुणकात दुरुस्ती करा, नवी टेप पंच करा. दिवसाची रांग लांब आहे, पण तोवर तुम्हाला रात्री स्वतः यंत्र चालवायची परवानगी मिळाली आहे. अट एवढीच की ते बिघडलं तर खटपट करायची नाही, बंद करून घरी जायचं. घरमालकीणबाईंशी आज भांडण ठरलेलं.

रात्री −12 पर्यंतच्या सगळ्या ओळी नीट येतात. मिलर यांच्या कोष्टकाशी ताडून बघा: शेवटच्या ओळींत तीन-चार दशांश जुळतात, पुढचे नाही. आता प्रश्न वेगळा. हा फरक पूर्णांकनाचा की पायरी मोठी असल्याचा? 35 बिट्सच्या लांब शब्दांत दहा दशांश अंक राहतात, तेव्हा पहिल्यावर संशय कमी. पण संशय कमी असणं म्हणजे सिद्धता नव्हे. एक-अष्टमांश पायरीने चालवा. मग एक-बत्तिसांशने. तिन्ही कागद शेजारी ठेवून पहिल्या दोघांतला फरक काढा, मग पुढच्या दोघांतला. पद्धत खरंच चौथ्या घाताची असेल तर पायरी निम्मी केल्यावर चूक दोनाच्या चौथ्या घाताने उतरली पाहिजे. ब्रुन्सविगाचा दांडा फिरवून भागाकार करता. सोळाच्या थोडा अलीकडे, पुढच्या ओळीत सोळाच्या थोडा पलीकडे.

दारात पुढचा माणूस टेप घेऊन उभा आहे, घड्याळाकडे बघत. त्याला सांगा की अजून एकदाच, एक-चौसष्टांशने, आणि टेलिप्रिंटरमध्ये कागद भरून ठेवलात तर लवकर होईल.